उद्या सकाळी कुणाच्या दारात?

आज देवानं काय दिलं? कुणाचं काय आपल्याकडं राहिलंय का? उद्या सकाळी कुणाच्या दारात जायचंय?

नगर जिल्ह्यातल्या मिशन कंपाऊंडांत वाढलेल्या आमच्या पिढीला या प्रश्नांतून पार पडल्याशिवाय गोधडी मिळत नसे. घरोघर त्यांचे शब्द थोडे इकडेतिकडे असायचे. कुठं दोनच प्रश्न असत, कुठं ते बापाच्या करड्या आवाजात विचारले जात, कुठं नुसतं डोळे मिटवून बसवत आणि प्रश्न ज्याचे त्यानं स्वतःला विचारायचे असत. आमच्या घरी ते आजीच्या तोंडून यायचे, तेही भांडी घासून झाल्यावर, हात पदराला पुसता पुसता. पाळकसाहेब उपदेशात त्याला आत्मपरीक्षण म्हणत. आम्ही भावंडं त्याला झडती म्हणायचो.

झडतीच्या आधी कौटुंबिक प्रार्थना. भाकरी खाऊन झाली की सतरंजी अंथरायची. सतरंजीला चार ठिकाणी ठिगळं होती आणि प्रत्येक ठिगळावर बसणारा ठरलेला होता. मधोमध कंदील. त्याची काच दुपारीच राखेनं घासून, पेपरच्या बोळ्यानं लखलखीत पुसून ठेवलेली असे. बोळ्याला ‘ज्ञानोदय’ मात्र चालत नसे, दुसरा कुठलाही पेपर चालायचा. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली आमच्याच नगरात सुरू झालेला, त्यात वचनं छापलेली; त्यानं काजळी पुसायची म्हणजे काय! त्याचे जुने अंक सुतळीनं बांधून माळ्यावर जायचे आणि तिथं निवांतपणे उंदीर ते वाचायचे.

कंदिलाशेजारी पवित्र शास्त्र. त्याची बांधणी किती वेळा झाली याची गणती नव्हती. जरा शिवण उसवली की आजोबा पिठाची खळ शिजवायला सांगत. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हणजे कसर लागत नाही. मग पुठ्ठा, वर आजीच्या विटलेल्या लुगड्याचा तुकडा, आणि रात्रभर पाट्याखाली दाब. त्या पुस्तकाची पानं बघून घरात काय वाचलं जातं ते परका माणूसही सांगू शकला असता: स्तोत्रसंहिता बोटांनी काळी झालेली, लूकचं शुभवर्तमान सुटून सुटून पुन्हा चिकटवलेलं, आणि लेवीय अगदी कोरं करकरीत, जणू काल छापून आलं. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची अवस्था त्याहून वाईट. पहिली आणि शेवटची काही पानं गेलेलीच होती, पण कुणाचं अडत नव्हतं, कारण रेव्हरंड टिळकांची पदं सगळ्यांना तोंडपाठ. एक चष्मा होता आणि तो आजी-आजोबांत मिळून होता. एका बाजूची दांडी गेल्यामुळं तिथं दोरा बांधलेला. आजोबांचं वाचून झालं की दोऱ्यासकट चष्मा आजीकडं जायचा.

पद, वाचन, प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. त्यातलं ऋण्यांना सोडण्याचं वाक्य आलं की आजी हमखास एक डोळा उघडून सगळ्यांकडं बघायची. ‘आमेन’ झालं की पुरुष माणसं बाहेर बाजेवर आणि आम्ही पोरं आजीच्या ताब्यात.

पहिला प्रश्न सोपा वाटायचा. आज देवानं काय दिलं? उत्तरं ठरलेली: भाकरी दिली, पाऊस दिला, शाळेत मारापासून राखलं. एक भाऊ रोज ‘गूळ’ म्हणायचा, गूळ मिळालेला असो वा नसो. त्याला वाटायचं, असं सांगत राहिलं तर देव ऐकेल, निदान आजी तरी ऐकेल. आजीनं ते कधी खोडून काढलं नाही. मात्र ‘काही नाही’ हे उत्तर ती घेत नसे. १९७२ च्या दुष्काळात, रेशनवर लाल मिलो मिळायचा आणि घरातली कर्ती माणसं खडी फोडायला जायची, तेव्हाही हा प्रश्न सुटला नाही. मिलोची भाकरी जातायेता तुटायची, तोंडात फिरायची. थोरल्या बहिणीनं एका रात्री हट्टानं सांगितलं, ‘आज काही दिलं नाही.’ आजी रागावली नाही. म्हणाली, ‘बस मग. आठवेस्तोवर बस.’ बराच वेळ गेला. शेवटी बहिणीनं सांगितलं, विहिरीवर रांगेत शेजारच्या वस्तीवरच्या बाईनं तिचा हंडा आपल्या आधी भरू दिला होता. आजीनं त्या बाईचं नाव पुन्हा विचारून घेतलं आणि पुढं महिनाभर ते प्रार्थनेत घेतलं. त्या बाईला याचा पत्ताही नसेल.

आधी मिळालेलं मोजायचं, मग चुकलेलं, हा क्रम आमच्या घरी कधी उलटा झाला नाही. उलटा केला की माणूस एकतर रडतो नाहीतर भांडतो, असं आजीचं म्हणणं.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र घाम फुटायचा. कुणाचं काय आपल्याकडं राहिलंय का? त्या काळी घरं मागून-आणून चालायची. चाळण एकीची, सूप दुसरीचं, पाटा अमक्याच्या ओसरीवरचा, मापटं तमक्याचं. विरजण, विस्तव, काथ्या, सुई, वाटीभर तेल, पसाभर डाळ, सायकलचा पंप, शाईची दौत, परीक्षेपुरता कंपास. सगळं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. त्यात विसरणं आलं, फोडणं आलं, आणि ‘विसरलो’ म्हणून ठेवून घेणंही आलं. आजीला तिन्हींतला फरक बरोबर कळायचा. वस्तूंपाशी ती थांबतही नसे. कुणाला काय बोललास? कुणाला हसलास? कुणाच्या आईचं नाव घेतलंस? कुणाची चहाडी केलीस? खरी चहाडी केलीस तरी ती चहाडीच. चिडवलेलं नाव, मोडलेला खेळ, हिसकावलेली पाळी, रांगेत घुसणं, खोटी शपथ, खरी पण उगाच घातलेली शपथ. हे सगळं ‘कुणाचं तरी आपल्याकडं राहिलेलं’ या एकाच खात्यात जमा व्हायचं.

आम्ही पोरं काही साधी नव्हतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवायची आम्हांला भारी हौस. ‘आजी, यानं काल...’ असं कुणी सुरू केलं की आजी त्यालाच पुढं ओढायची: ‘त्याचं तो सांगंल. तुझं मुसळ काढ आधी.’ मग चोरट्या हसण्याची एक लाट गोधड्यांखालून फिरायची. जक्कयाची गोष्ट ऐकल्यावर तर एका भावानं कहरच केला. लबाडीनं घेतलेलं चौपट परत देईन असं जक्कय म्हणाला होता, म्हणून यानं विचारलं, ‘वर्गातल्या पोराची पेन्सिल घेतली असली तर चार द्यायच्या का?’ घरात पेन्सिल एकच, तीही दोघांत तोडून घेतलेली. आजोबा बाहेरून बाजेवरनंच म्हणाले, ‘एकच दे, पण टोक करून दे.’

आणि मग तिसरा. उद्या सकाळी कुणाच्या दारात जायचंय?

खरी गोम इथं होती. देवाजवळ क्षमा मागून झोपता येत नसे. मागायची ती मागायचीच, पण माणसाचं माणसाकडं जाऊन निस्तरायचं. अर्पण वेदीपाशी आणलं आणि भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जा, हे मत्तयातलं शिक्षण आजीनं फार शब्दशः घेतलं होतं. सकाळी चहा व्हायच्या आत निघायचं. हातात वस्तू असली तर बरं, निमित्त तरी असायचं. वस्तू नसली तर आजी हातात काहीतरी द्यायची, वाटीभर ताक, शेवग्याच्या दोन शेंगा, नाहीतर नुसतीच निरोपाची पुडी: ‘आजीनं सांगितलंय, संध्याकाळी येऊन जा.’ रिकाम्या हातानं क्षमा मागताना पोराचे हात कुठं ठेवायचे ते पोराला कळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

दारात उभं राहायचं. ‘सलाम, मावशी.’ मावशी चुलीपाशी. तिला लगेच कळायचं, कारण कंपाऊंडात सकाळी सकाळी पोर दारात आलं म्हणजे ते कशाला आलंय हे कुणाला सांगावं लागत नसे. तिच्याही पोरांना ती पाठवतच होती. तरी ती मुद्दाम विचारायची, ‘काय रे?’ मग आमचं पुटपुटणं. काल बोललो. काल दगड मारला. काल तुमच्या कोंबडीला मारला. मावशी म्हणायची, ‘बरं, बरं. बस, चहा घे.’ वाटी परत येताना कधी रिकामी येत नसे. तिच्यात चार दाणे शेंगदाण्याचे नाहीतर मिठाचा खडा तरी असायचाच. काही मावश्या तिखट होत्या. एक तर म्हणायची, ‘ह्याच्या आधीच्या दगडाचं काय?’ आणि मागचा सगळा हिशेब काढायची. तिच्या दारात जायचं म्हटलं की आम्ही रात्रीच आजीशी घासाघीस करायचो.

कंपाऊंडाच्या बाहेरची दारं वेगळी. हे सांगितल्याशिवाय आठवण पुरी होणार नाही. आमची मंडळी बहुतेक महार-मांग समाजातून ख्रिस्ती झालेली, आणि बाप्तिस्मा झाला म्हणून गावानं आपले उंबरे काही खाली केले नव्हते. गावातल्या एखाद्या घरचं मापटं परत करायचं असलं तर अंगणातच थांबावं लागे. मापटं जमिनीवर ठेवायचं, मग आतून कुणीतरी येऊन ते पाणी शिंपडून उचलायचं. एका भावानं रात्री बंड केलं: ‘त्या घरी मी जायचा नाही. ते आपल्याला आत घेत नाहीत.’ आजी म्हणाली, ‘दारात जा म्हणलंय. आत जा कुठं म्हणलंय?’ तो गेला. गेला, मापटं ठेवलं, जे बोलायचं ते बोलला आणि ताठ मानेनं परत आला. आज त्या वाक्याचा विचार करताना दोन्ही गोष्टी वाटतात. आजीनं आपल्या पोराची चूक दुसऱ्याच्या चुकीत दडू दिली नाही, हे एक. आणि त्या दारांतूनही आमच्या दारात कुणीतरी यायचं बाकी होतं, हे दुसरं. आमच्या आठवणीत तसं कुणी आलं नाही.

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की साऱ्या कंपाऊंडातच धांदल उडायची. माणसानं आधी स्वतःला पारखावं आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा, हे करिंथकरांस पहिल्या पत्रातलं वचन पाळकसाहेब दर वेळी वाचायचे आणि वाचून झाल्यावर चांगला दम खात थांबायचे. तो थांबा सगळ्यांना फार जड जाई. म्हणून शनिवारीच निपटारा व्हायचा. शनिवारी संध्याकाळी बायका एकमेकींच्या ओसरीवर, पुरुष पारावर, आणि वर्षानुवर्षं न बोलणारे दोघं चुलते नळापाशी ‘काय, पाणी येतंय का?’ एवढं तरी बोलायचे. तेवढ्यावर पाळकसाहेब समाधान मानत. पहिल्या पिकाच्या सणानंतरचा आठवडा सगळ्यात कठीण. अर्पणात आलेल्या जिनसांचा चर्चच्या अंगणात लिलाव व्हायचा: वांगी, भोपळे, कणसं, अंडी, एखादा कोंबडा. कोंबड्यावर बोली चढता चढता जुनी भांडणं वर यायची. देवाला दिलेल्या कोंबड्यापायी दोन घरांत अबोला, आणि तो मिटवायला पुढचा प्रभुभोजनाचा रविवार!

आजीची झडती तोंडी. आजोबांची लेखी.

आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळेतल्या जुन्या हजेरीपटांची मागची कोरी पानं ते घरी आणायचे, आणि ते गेल्यावर त्यांच्या पेटीत या पानांची शिवलेली एक वही निघाली. आत हजेरीपटच मांडलेला. उभे तीस-एकतीस रकाने आणि डावीकडं पोरांच्या नावांच्या जागी सुंदर वळणदार अक्षरात: राग. जीभ. आळस. पैसा. धीर. प्रार्थना. दया. पुढं रोजच्या खुणा, शाळेतल्यासारख्याच, ‘ह’ आणि ‘गै’. राग हजर. जीभ हजर. धीर गैरहजर. दया बरेच दिवस रजेवर. राग आठवडाभर सलग हजर असलेला दिसला की त्या आठवड्यात शाळा तपासणी होती हे आम्ही ओळखावं. एका मे महिन्याचा पट पुरा कोरा आणि वर आडवं लिहिलेलं: ‘उन्हाळी सुट्टी.’ माणूस सुट्टीत सुधारतो की बिघडतो याचा त्यांनी खुलासा केलेला नाही.

वही आजीला वाचून दाखवली. ‘जीभ’च्या ओळीत महिनाभर ‘ह’, मध्येच दोन दिवस ‘गै’. आजी म्हणाली, ‘ते दोन दिवस घसा बसला होता त्यांचा.’

ही पट मांडायची रीत आजोबांनी कुठून घेतली असेल याचा थोडा शोध घेतला, तर वाट बरीच लांब जाते. नगरला मिशन आलं १८३१ साली. ते अमेरिकन मराठी मिशन; त्याचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांना पाठवणारं बोर्ड बोस्टनचं, आणि ती माणसं न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांत वाढलेली. तिथं स्वतःच्या मनाची रोजनिशी ठेवण्याची जुनी शिस्त. त्याच परंपरेतल्या जोनाथन एडवर्ड्स या पाळकानं १७२२-२३ च्या सुमारास, ऐन विशीत, स्वतःसाठी सत्तर निश्चय लिहून काढले. रोज रात्री निजताना आज आपण कुठं कसूर केली आणि कोणतं पाप घडलं हे विचारायचं, तसंच आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या शेवटीही विचारायचं, असा त्यातला एक निश्चय. आजोबांनी एडवर्ड्सचं नाव ऐकलं होतं की नाही ठाऊक नाही. पण मास्तरांना घडवणाऱ्या मिशन शाळा त्याच मुशीतल्या होत्या.

आत्या कॅथलिक घरात दिली होती, श्रीरामपूरकडं. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आम्ही तिच्याकडं जायचो आणि तिथं वेगळीच तऱ्हा बघायचो. तिच्या घरी रात्री रोझरी, मग थोडा वेळ गप्प बसून दिवस आठवायचा, मग पश्चात्तापाची प्रार्थना. ही रीत येशूसंघाच्या फादर लोकांची. त्यांचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, मन तपासायला सांगितलंय, सुरुवात उपकारस्मरणानं. एकच खोड धरायची, ती जितक्या वेळा घडली तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे आणि कालच्यापेक्षा आज कमी झाले का ते ताडून बघायचं. म्हणजे आजोबांच्या पटाचा एक भाऊबंद तिकडं चारशे वर्षं आधीच तयार होता, आणि आजीचा पहिला प्रश्नही! आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ‘त्यांच्या घरीबी आजी आसंल की.’

आतेभावंडांशी यावरून जुंपायची. आम्ही म्हणायचो, ‘तुमचं बरंय, फादरला सांगितलं की मोकळे. आम्हांला थेट त्या तिखट मावशीला सांगावं लागतं.’ ते म्हणायचे, ‘मोकळे कसले! फादर म्हणतात, घेतलेलं आधी परत करून ये.’ शेवटी दोन्हीकडची वाट दारावरच यायची. तरी मला वाटतं, आमचा तिसरा प्रश्न बोस्टनहून आलेला नाही. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, एका नळावर पाणी भरणाऱ्या माणसांना देवाशी समेट करून शेजारणीशी अबोला धरणं परवडण्यासारखं नव्हतं. तो प्रश्न आमच्या आज्यांनी घातला असावा.

संजीवन सभाही व्हायच्या. मांडव, पेटी-तबला, बाहेरगावचे उपदेशक, आणि तिसऱ्या रात्री रडारड. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ साली मोठं संजीवन झालं, शेकडो मुली प्रार्थनेत रडल्या, आपली पापं मोठ्यानं कबूल केली, त्याची गोष्ट म्हाताऱ्या माणसांकडून आम्ही ऐकली होती. आजी सभांना जायची, पुढं बसायची, डोळेही पुसायची. पण परतताना तिचं मत ठरलेलं असे: वर्षाचं एकदम काढलं की फार मोठं दिसतं, आणि मोठं दिसलं की माणूस त्यातच रमतो. रोजचं रोज काढावं.

झडतीत सगळंच सोन्याचं होतं असं नाही. एक धाकटी मावशी होती, फार हळवी. तिला रात्री स्वतःत काही ना काही सापडायचंच. मुंगी चिरडली, प्रार्थनेत लक्ष उडालं, पदात सूर चढला तेव्हा गर्व वाटला. तिची यादी संपत नसे आणि झोप लागत नसे. आजीनं तिला कंदिलाची किल्ली दाखवली. वात फार वर केली तर काच काळी होते, फार खाली केली तर अंधार. मन बघायचं तेवढ्याच बेतानं. त्यानंतर तिच्यासाठी वेगळा नियम झाला: चुका सांगायच्या त्या दोनच, आणि तिसरी सुचली तर त्याऐवजी एक पद म्हणायचं. मावशी पुढं उत्तम गायची. उलट एक काका होते, त्यांना स्वतःत कधीच काही सापडत नसे. त्यांची प्रार्थना ऐकून परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यातला परूशी अगदी डोळ्यांपुढं उभा राहायचा. त्यांच्यावर आजीचं काही चाललं नाही. चालायला हवं होतं.

मोठी खोट हीच. झडती व्हायची ती पोरांची आणि सुनांची. घरातल्या कर्त्या पुरुषांना हे प्रश्न कुणी विचारत नसे. ते बाजेवर. आईनं दिवसभरात कुणाला उलटून बोलल्याचं रात्री निघायचं. बाबांनी आईला काय म्हटलं ते निघत नसे. आजोबा निदान वहीत तरी स्वतःला विचारत होते, पण तेही पेटीला कुलूप घालून. आत्मपरीक्षणाची शिकवण देणाऱ्या मंडळीत ते वरून खाली येतं आणि वाटेत कुठंतरी अडतं, हे लहानपणीही आमच्या लक्षात यायचं. बोलायची सोय नव्हती.

मोठं झाल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हातात पडली तेव्हा म्हणून फार बरं वाटलं. आपल्याच घरच्या वळणाची बाई, नगर-राहुरीच्या परिसरात संसार केलेली, स्वतःच्या सोवळ्याला हसते, हट्टाला हसते, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसते, आणि कुणालाच सोडत नाही, त्यात स्वतःला तर मुळीच नाही. आमच्या आजीचे प्रश्न तिला कुणी विचारले असते तर तिनं उत्तरं देता देता सगळ्या घराला हसवलं असतं. रडून केलेल्या तपासणीपेक्षा हसून केलेली जास्त टिकते, असं तिच्याकडं बघून वाटतं.

पुढं वीज आली. कंदील खुंटीवरून माळ्यावर गेला, ‘ज्ञानोदय’च्या गठ्ठ्यांशेजारी. मग दूरदर्शन आलं, आणि प्रार्थनेची वेळ बातम्यांच्या आधी की नंतर यावर घराघरांत वाद झाले. बहुतेक घरांत बातम्या जिंकल्या. पोरं नोकरीसाठी पुण्याला, चिंचवडला, मुंबईला गेली. काही पार परदेशात. कंपाऊंडातली घरं पडली, काहींवर स्लॅब चढले. आता सकाळी फोन उघडला की वचनांची रांग लागते, फुलांची चित्रं, सूर्योदय, खाली वचन, खाली जोडलेले हात. पाठवणाऱ्यांत दोघं चुलतभाऊ असे आहेत की ज्यांचा जमिनीवरून एकमेकांशी अबोला आहे आणि तरी रोज सकाळी ते एकाच गटावर एकमेकांना वचन पाठवतात. आजी असती तर दोघांनाही फोन बंद करून चालत पाठवलं असतं.

ब्लॉकच्या दारात कुणी सकाळी उभं राहत नाही. वाचमन आधी फोन करून विचारतो. मागून आणणं बंद झालं, त्यामुळं परत करणंही बंद झालं. मिठासाठी सुद्धा माणूस दहा मिनिटांत घरपोच येतो, त्याला ‘सलाम’ म्हणायचं राहून जातं. हे सगळं वाईट झालं असं म्हणवत नाही. मापटं अंगणात ठेवून यायची पाळी आमच्या नातवंडांवर येत नाही, याचा आनंद फार मोठा आहे. पण रात्री स्वतःला विचारायचे प्रश्न मात्र घराबरोबर पडले, ते कुणी नव्या घरी नेले नाहीत. प्रार्थना नेली, पदं नेली, नाताळचा तारा नेला, करंज्यांचे साचे नेले.

नेणं अजून जमण्यासारखं आहे. त्याला कंदील लागत नाही, सतरंजी लागत नाही. सुरुवात पोरांपासून न करता बाजेवरच्या माणसांपासून केली तर आमच्या वेळची चूकही दुरुस्त होईल. तुमच्या घरचे प्रश्न आमच्यापेक्षा वेगळे असतील. कुठं एकच असेल, कुठं नुसती शांतता असेल. घरात जे कुणी सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याला या आठवड्यात विचारा आणि सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत, लिहून ठेवा. ज्यांना ते प्रश्न विचारले गेले होते ती माणसं आता दर वर्षी कमी होत चालली आहेत.